आधी तोल, मग पायडल

१. साइडची चाकं काढायची कधी?

घरात पहिली सायकल आली की महिन्याभरात हा प्रश्न निघतोच. आजोबांचं मत ठरलेलं असतं: "काढून टाक ती चाकं. पडल्याशिवाय कुणी सायकल शिकलंय का?" सून म्हणते, "बाबा, अजून चार वर्षांचीसुद्धा झाली नाही हो ती." कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला विचारावं, तर तो पाना हातात घेऊनच म्हणतो, "थोडी वर उचलून देतो, हळूहळू सवय होईल."

तिघेही एक गोष्ट गृहीत धरतात. मूल साइडच्या चाकांवर जे शिकतंय, तेच पुढे दोन चाकांवर उपयोगी पडणार आहे, फक्त आधार काढून घ्यायची वेळ ठरवायची, असं त्यांना वाटतं. ते खरं आहे का, हे या प्रकरणात बघू.

सायकल चालवणं म्हणजे चार कामं एकाच वेळी करणं: तोल सांभाळणं, वळवणं, पायडल मारणं आणि थांबणं. यातलं पायडल मारणं अवघड नाही. अडीच-तीन वर्षांचं मूल तीनचाकीवर ते कुणी न शिकवता करतं. थांबायलाही जमतं. अडतं ते तोलापाशी, आणि वळणं तर तोलाला बांधलेलंच आहे. साइडची चाकं मुलाला सोपं काम शिकवतात आणि अवघड काम स्वतःच्या अंगावर घेतात. बॅलन्स बाइकवर, म्हणजे पायडल आणि चेन नसलेल्या, पायांनी ढकलत न्यायच्या छोट्या सायकलवर, याच्या उलट घडतं. तिथे सोपं काम बाजूला ठेवलेलं असतं आणि अवघड काम पहिल्या दिवसापासून मुलाच्या हाती असतं.

२. सायकल पडत का नाही?

उभी केलेली सायकल स्टँड काढताच पडते. चालती सायकल पडत नाही. याचं कारण विचारलं की बहुतेक जण म्हणतात, "चाकं फिरतात ना, भोवऱ्यासारखी." हे उत्तर शाळेपासून आपल्या कानावर आहे, पण ते पुरेसं नाही. १९७० साली डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने चालवताच येणार नाही अशी सायकल बनवायचा घाट घातला. पुढच्या चाकाशेजारी त्याने आणखी एक चाक बसवलं आणि ते उलट दिशेने फिरवलं, म्हणजे भोवऱ्याचा परिणाम जवळपास पुसला गेला. तरीही ती सायकल त्याला बिनदिक्कत चालवता आली. पुढे २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेल इथल्या संशोधकांनी अशी एक प्रायोगिक सायकल दाखवली, जिच्यात हा परिणाम काढून टाकलेला होता, तरी ढकलून सोडली की ती आपली आपण सावरत होती.

मग तोल येतो कुठून? एक लांब काठी तळहातावर उभी धरून पाहा. काठी डावीकडे कलली की हात आपोआप डावीकडे जातो. काठीचं वरचं टोक जिकडे पडतंय, तिकडे खालचं टोक नेलं की ती पुन्हा उभी राहते. सायकलवरही नेमकं हेच चालतं. सायकल डावीकडे कलली की स्वार हॅण्डल किंचित डावीकडे वळवतो, चाकं शरीराच्या खाली येतात आणि तोल सावरतो. चांगला सायकलस्वार सरळ जाताना दिसतो खरा, पण त्याच्या चाकाची खूण ओल्या रस्त्यावर बघितली तर ती बारीक नागमोडी असते. पडणं आणि सावरणं अखंड चालू असतं.

या नियमात दोन गोष्टी दडल्या आहेत, आणि दोन्ही लहान मुलांच्या बाबतीत महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट, चाकं शरीराखाली आणायची तर सायकल चालती हवी. वेग जितका कमी, तितकं हॅण्डल जास्त वळवावं लागतं. म्हणून अगदी हळू चालवणं मोठ्यांनाही जड जातं, आणि "हळू, हळू!" असं ओरडणारे आईबाप मुलाचं काम अवघड करून ठेवतात.

दुसरी गोष्ट कुणाच्या सहसा लक्षात येत नाही. काठीचा प्रयोग आता निम्म्या लांबीच्या काठीने करा. ती सावरणं जास्त कठीण जातं, कारण छोटी वस्तू लवकर पडते. हिशेब असा, की कलायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. एक मीटरच्या काठीला जेवढा वेळ लागतो, त्याच्या सत्तर टक्के वेळात अर्ध्या मीटरची काठी तेवढीच कलते. मोठ्या माणसाच्या मानाने छोट्या सायकलवरचं मूल म्हणजे ही छोटी काठी. त्याला सावरायला आपल्यापेक्षा कमी वेळ मिळतो. "एवढंसं तर आहे, त्यात काय!" असं म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. मुलाच्या बाजूने एकच गोष्ट आहे: पाय टेकायला जमीन जवळ हवी. ती जवळ असते की नाही, हे सीटच्या उंचीवर ठरतं. त्याकडे पुढे येऊच.

३. वळणावरची गोम

आता साइडच्या चाकांचा खरा दोष बघू.

दुचाकीवर वळायचं तर वळणाच्या आत कलावं लागतं. किती? चार मीटर त्रिज्येचं वळण धरा, म्हणजे साधारण सोसायटीच्या पार्किंगमधला फेरा. ताशी ६ किलोमीटर वेगाने ते घेतलं तर सुमारे ४ अंश कलावं लागतं. वेग दुप्पट केला, ताशी १२, तर कल दुप्पट न होता चौपट होतो, म्हणजे जवळपास १६ अंश. हे गणित कुणी डोक्यात करत नाही, अंगच ते करतं. सवय झाल्यावर अंगाला बरोबर कळतं, किती झुकायचं ते.

साइडची चाकं लावलेली सायकल आत कलू शकत नाही, कारण आतलं छोटं चाक तिला अडवतं. शरीर मात्र बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. उजवीकडे वळणारं मूल डाव्या छोट्या चाकावर रेलतं. म्हणजे अंग डावीकडे आणि हॅण्डल उजवीकडे! वर सांगितलेल्या नियमाच्या हे बरोबर उलट आहे. दुचाकीवर डावीकडे कलताच हॅण्डल डावीकडे जायला हवं. वर्षभर साइडच्या चाकांवर फिरलेल्या मुलाचं अंग ही उलटी सवय लावून बसलेलं असतं. चाकं काढली की पहिल्या वळणाला ते दाणकन आपटतं, ते याचमुळे. भित्रेपणाशी त्याचा संबंध नसतो. त्याने जे नीट शिकून घेतलं तेच ते करत असतं.

पुरावा हवा असेल तर साइडची चाकं लावलेली एखादी जुनी सायकल उलटी करून बघा. दोन छोट्या चाकांपैकी एक दुसऱ्यापेक्षा जास्त झिजलेलं सापडतं. प्लॅस्टिकची कडा एका बाजूने तासल्यासारखी झालेली असते आणि पट्टीही थोडी वाकलेली. मूल त्या एकाच चाकावर तिरकं बसून, खडखडाट करत महिनोन्‌महिने फिरलेलं असतं. सायकलवाला चाकं वर उचलून देतो, तेव्हा हा तिरकेपणा फक्त वाढतो.

आणखी एक अडचण आपल्याकडच्या रस्त्यांवर हमखास येते. पेव्हर ब्लॉक खचलेले असले की दोन्ही छोटी चाकं दोन उंचवट्यांवर टेकतात आणि मधलं मागचं चाक खड्ड्यावर अधांतरी राहतं. पायडल फिरतं, सायकल जागची हलत नाही. अशा वेळी मागचा ब्रेक दाबून उपयोग नसतो, कारण जमिनीला टेकलेलं चाक त्या ब्रेकच्या ताब्यातच नसतं.

वळण्याबद्दल एक मजेची गोष्ट. उजवीकडे वळायचं तर स्वार आधी क्षणभर हॅण्डल डावीकडे देतो. त्याने सायकल उजवीकडे कलते आणि मग तो तिकडे वळतो. विमानाचा शोध लावणारे राइट बंधू अमेरिकेत डेटन इथे सायकली बनवून विकत. त्यांच्यातला विल्बर अनेक सायकलस्वारांना विचारून बघत असे, की तुम्ही वळताना हॅण्डलचं नेमकं काय करता. बरोबर उत्तर कुणालाच देता येत नसे, आणि वळत तर सगळेच होते. म्हणून वळायला मुलाला तोंडी शिकवू नये. शिकवणाऱ्यालाच ते ठाऊक नसतं.

४. दोनशे वर्षांपूर्वीची बॅलन्स बाइक

बॅलन्स बाइक ही नव्या बाजारातली चैन आहे असं बऱ्याच घरांत मानतात. प्रत्यक्षात पायडलच्या सायकलपेक्षा ती जुनी आहे. जर्मनीत बाडेनच्या राज्यात वनाधिकारी असलेल्या कार्ल फॉन ड्राइसने १८१७ मध्ये एकामागे एक दोन लाकडी चाकं असलेलं यंत्र बनवलं. पुढचं चाक वळवता येत होतं, बसायला खोगीर होतं आणि पायडल नव्हतं. जमिनीला पायांनी रेटा देत पळायचं आणि वेग आला की पाय उचलायचे. १२ जून १८१७ रोजी तो मॅनहाइमहून श्वेट्झिंगेनच्या दिशेला असलेल्या टपालगाड्यांच्या ठाण्यापर्यंत जाऊन आला. हा प्रवास जाऊन-येऊन १३-१४ किलोमीटरचा होता आणि त्याला साधारण तासभर लागला. यंत्राचं वजन वीस किलोच्या वर होतं.

पुढच्या चाकाला पायडल बसलं ते फ्रान्समध्ये, १८६० च्या दशकात. मधली चाळीस-पन्नास वर्षं माणसं आधी तोल शिकत होती आणि पायडल त्यांना माहीतच नव्हतं. मोठ्यांच्या जगातून हे यंत्र गेलं. १९९७ मध्ये जर्मनीतल्या रॉल्फ मेर्टेन्सने ते लहान मुलांसाठी लाकडात पुन्हा घडवलं, आणि २००७ मध्ये अमेरिकेतल्या रायन मॅकफार्लंडने धातूची हलकी सायकल काढली. आजच्या बॅलन्स बाइक बहुतेक या दोन घराण्यांतल्या.

आपल्याकडची गोष्ट त्याहून गमतीची आहे. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, तुम्ही सायकल कशी शिकलात? साइडची चाकं त्यांनी पाहिलेलीही नसतात. घरी वडिलांची चोवीस इंची, नाहीतर कोपऱ्यावरून तासाच्या भाड्याने आणलेली. सीट छातीला लागायची. मग डावा पाय डाव्या पायडलवर ठेवायचा, हॅण्डल घट्ट धरायचं आणि उजव्या पायाने लंगडी घालत सायकल पळवायची. वेग आला की उजवा पाय उचलून जमेल तितकं अंतर तसंच तरंगत जायचं. हे पक्कं झालं की दांडीखालून उजवा पाय पलीकडे घालून हाफ पायडल मारायचं. फुल पायडल आणि सीटवर बसणं सगळ्यात शेवटी. क्रम बघा: आधी तोल, मग अर्धं पायडल, मग पूर्ण. गुडघे फुटत होते ते सायकल वजनाने नि उंचीने अवाढव्य होती म्हणून. शिकण्याची रीत मात्र ड्राइसचीच होती. म्हणजे आजोबांच्या "पडल्याशिवाय" या शब्दाला फारसा अर्थ नाही. ते पडण्यामुळे शिकले नाहीत, लंगडीमुळे शिकले.

पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. बॅलन्स बाइकवरून आलेली मुलं सरासरी चार वर्षांच्या थोडं पुढे स्वतंत्रपणे सायकल चालवू लागली होती. साइडच्या चाकांवरून आलेली मुलं सहाच्या आसपास. फरक जवळजवळ दोन वर्षांचा. तो पुरता खरा धरू नये. एकतर ही माहिती लोकांनी आठवून सांगितलेली होती. शिवाय दोन वर्षांच्या मुलाला बॅलन्स बाइक आणणारे पालक मुळातच हौशी असतात आणि लवकर सुरुवात करतात. तरी दिशा स्पष्ट आहे.

साइडची चाकं सरसकट टाकाऊ मात्र नाहीत. ज्या मुलांना हालचालींचा मेळ बसवायला वेळ लागतो, किंवा स्नायूंचं दुखणं आहे, त्यांना त्यांच्यामुळे फिरण्याचा आनंद मिळतो, पायडल आणि ब्रेकचा सराव होतो. तिथे ती लावावीत, खुशाल लावावीत. चांगली तीनचाकी त्याहून बरी.

५. विकत घेण्याआधी

आपल्याकडे कपडे वाढत्या अंगाचे घेतात आणि त्याच हिशेबाने सायकलही. "सोळा इंची घे, दोन वर्षं चालेल." त्या दोन वर्षांतलं पहिलं वर्ष मूल टाचा उचलून, भीत भीत बसतं.

माप घ्यायचं ते पायाचं. मुलाला बूट घालून भिंतीला पाठ लावून उभं करा. एक पातळ वही दोन्ही पायांमध्ये आडवी, वर टेकेपर्यंत सरकवा. वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. समजा ते ३६ सेंटिमीटर आलं. बॅलन्स बाइकची सीट ३३-३४ वर यायला हवी, म्हणजे दोन्ही तळवे पूर्ण टेकतील आणि गुडघे किंचित वाकलेले राहतील. पाय ताठ झाले तर रेटा देता येत नाही. दुकानात सीट सगळ्यात खाली करून हे माप टेपने तपासावं. "तीन ते पाच वर्षं" या खोक्यावरच्या ओळीवर जाऊ नये.

मग वजन. तीन वर्षांचं मूल साधारण १४ किलोचं असतं. लोखंडी छोटी सायकल ८-९ किलोची निघते, म्हणजे मुलाच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त. ७० किलोच्या माणसाने चाळीस-पंचेचाळीस किलोची सायकल हाकून बघावी, म्हणजे मुलाची तक्रार कळेल. बॅलन्स बाइक ३ ते ५ किलोत मिळते. मुलाला ती स्वतः उचलता, वळवता आणि वैतागून फेकून देता येते, आणि हा शेवटचा मुद्दाही लहान नाही.

नवी घ्यायची नसेल तर घरातल्या सायकलचीच बॅलन्स बाइक होते. साइडची चाकं काढा, दोन्ही पायडलं काढा, सीट तळाला न्या. पायडल काढताना एक खुबी आहे: उजव्या पायडलचा आटा नेहमीसारखा असतो, डाव्याचा उलटा. दोन्ही सैल करायची तर पाना मागच्या चाकाच्या दिशेने फिरवायचा. हे माहीत नसल्याने डावं पायडल जोर लावून अधिकच आवळलं जातं. पायडल गेलं तरी क्रँकची टोकं नडगीला लागतात, म्हणून शक्य असल्यास दुकानातून क्रँकही उतरवून घ्यावा.

६. शिकवणाऱ्याने काय करायचं

खरं तर फार काही नाही, आणि मोठ्यांना तेच जमत नाही.

जागा मोकळी, सपाट आणि गुळगुळीत हवी: सुट्टीच्या दिवशी शाळेचं पटांगण किंवा गाड्या नसलेलं पार्किंग. पावसाळ्यात शेवाळ धरलेली फरशी टाळावी. डोक्यावर हेल्मेट, आणि ते भुवयांच्या वर दोन बोटांवर बसलेलं. मागे सरकवलेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं.

सुरुवातीला मूल सायकल दोन पायांत धरून नुसतं चालतं. सीटवर बसतही नाही. हे दोन आठवडे चाललं तरी चालू द्यावं. मग ते टेकतं, बसून चालतं, पावलं लांब होतात. एके दिवशी दोन्ही पायांनी एकदम रेटा देतं आणि पाय क्षणभर हवेत राहतात. इथून पुढे ते स्वतःच शिकतं. पाय जितका वेळ वर, तितका तोल आला. कुणी मोजू लागलं की मुलं चेकाळतात: "एक, दोन, तीन, चा... टेकला!" जमिनीवर खडूने नागमोडी रेघ काढून तिच्यावरून जायला लावलं तर वळणंही येतात. नंतर अगदी सौम्य उतार शोधावा, ज्याच्या शेवटी मोकळी सपाट जागा आहे, रस्ता नाही. उतारावर रेटा द्यावा लागत नाही, त्यामुळे मुलाचं सगळं लक्ष तोलावर राहतं.

आधार द्यावाच लागला तर हॅण्डल धरू नये. हॅण्डल हेच सावरण्याचं साधन आहे. ते आपण धरलं की मुलाच्या हाती काही उरत नाही. मागून सीट धरून धावण्याची आपल्याकडची जुनी पद्धत त्याहून बरी, पण तिथेही बाप सायकल सरळ दाबून धरतो आणि मुलाला कल जाणवतच नाही. काखेखाली किंवा खांद्यांना हलका हात लावावा. त्याने मूल पडत नाही, सायकल मात्र त्याच्या ताब्यात राहते. नजर पुढे ठेवायला सांगावं, चाकाकडे नको. "घाबरू नकोस" म्हणण्यापेक्षा "त्या आंब्यापर्यंत ये" हे जास्त उपयोगी पडतं.

७. पायडल लावताना

पाय उचलून मूल पंधरा-वीस मीटर सहज जात असेल, वळणं घेत असेल, तर ते तयार आहे. पायडलच्या सायकलवरही सीट सुरुवातीला तळवे टेकतील इतकी खालीच ठेवावी. आधी अर्धा दिवस पायडल विसरून बॅलन्स बाइकसारखंच ढकलत फिरू द्यावं, कारण नवी सायकल जड आहे आणि अंगाला ती ओळखीची व्हायला हवी.

मग एक पायडल पुढे आणि थोडं वर आणून ठेवायचं, त्यावर पाय, दुसऱ्याने जमिनीला रेटा, आणि पहिलं पायडल खाली दाबायचं. पुष्कळ मुलांना हे तासाभरात साधतं. साइडच्या चाकांवरून आलेल्या मुलाला जास्त वेळ लागेल. त्याच्या सायकलची पायडलं काही दिवस काढून ठेवावीत आणि त्याला वरच्याच वाटेने आणावं. सहा-सात वर्षांच्या मुलाला यात कमीपणा वाटतो, "मी काय बाळ आहे?" म्हणून ते रुसतं. त्याला उतार दाखवावा.

थांबणं वेगळं शिकवावं लागतं. बॅलन्स बाइकवरच्या मुलाचे ब्रेक म्हणजे बुटांचे तळवे. पायडलच्या सायकलवरही ते पहिले काही दिवस पायच घासतं, आणि वेग वाढल्यावर ते पुरत नाही. सायकल हातात धरून चालताना "थांब" म्हटलं की ब्रेक दाबायचा, हा खेळ आधी खेळावा. नंतर बसून, खडूच्या रेघेवर चाक थांबवायचं. दोन्ही ब्रेक एकदम, हलके, मग घट्ट. मूल ब्रेक दाबत नसेल तर बऱ्याचदा त्याची बोटंच दांडीपर्यंत पोचत नसतात. त्याला बसवून बोटं पोचतात का, ते बघावं. ब्रेकच्या दांडीच्या मुळाशी बऱ्याच सायकलींना एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की दांडी मुठीजवळ येते. त्यानंतर ब्रेक सैल वाटला तर तारही तेवढी ओढून घ्यावी.